नाक वाहतंय, थायरॉइडही आहे, मग थकवा कुणाच्या नावावर घालायचा?

पाऊस लागला की गोव्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते, आणि त्याच सुमारास फार्मसीच्या काउंटरवर शिंकणाऱ्यांची गर्दी होते. त्या गर्दीत बऱ्याच जणींच्या पर्समधे थायरॉइडच्या गोळीचीही चिठ्ठी असते, आणि मग प्रश्न येतोच, "माझी सर्दी जात नाही ती थायरॉइडमुळेच ना गं?" किंवा उलटं, "ही सर्दीची गोळी थायरॉइडला चालते का?" मला दोन्ही आहे, फोंड्याकडे जुन्या चिऱ्याच्या घरात राहते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे जरा जास्तच येतात. मी डॉक्टर नाहीये, डोस वगैरे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पण हे दोन आजार नेमके आहेत काय, कुठे एकमेकांच्या वाटेत येतात आणि कुठे आपण उगाच एकाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडतो, एवढं नीट कळलं तरी निम्मा गोंधळ कमी होतो, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय.

एक भुंकतं, दुसरं चावतं

आपली रोगप्रतिकारशक्ती म्हणजे घराची राखण करणारी कुत्री समजा. एक नाही, बरीच, आणि प्रत्येकाची सवय वेगळी. काम एकच, चोर आला तर पकडायचा. आता त्यातलं एक कुत्रं रोज येणाऱ्या पोस्टमनवर भुंकायला लागतं. पोस्टमन बिचारा काही चोर नाही, पण याला एकदा वाटलं की वाटलं. हीच अ‍ॅलर्जी. धुळीतले बारीक जीव, बुरशीचे कण, गवताचे पराग, मांजराच्या अंगावरचा कोंडा, यांपैकी काहीच आपल्याला मारायला आलेलं नसतं, तरी शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची अँटिबॉडी बनवून ठेवते. ही अँटिबॉडी नाकाच्या आतल्या अस्तरातल्या पेशींवर जाऊन बसते, तो कण पुन्हा आला की त्या पेशी हिस्टामिन सोडतात, आणि मग खाज, शिंकांची माळ, पाण्यासारखं वाहणारं नाक, चुरचुरणारे डोळे. हे सगळं काही मिनिटांत. काही तासांनी दुसरी लाट येते, तेव्हा अस्तर सुजतं आणि नाक चोंदतं. डॉक्टर याला अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात, आपण पुढे अ‍ॅलर्जीची सर्दीच म्हणूया.

दुसरं कुत्रं भुंकत नाही, ते गुपचूप घरच्याच माणसाला चावतं. हे ऑटोइम्यून. गळ्याच्या पुढच्या भागात थायरॉइड नावाची ग्रंथी आहे, वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम, पण शरीराचा वेग तिच्या हातात. हृदय किती जोरात चालायचं, आतडी किती हलायची, अंगात किती ऊब राहायची. तिच्या पेशींवरच हल्ला होत राहिला की वर्षानुवर्षं ती हळूहळू निकामी होत जाते. १९१२ मधे हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी याचं पहिलं वर्णन केलं म्हणून आजाराला त्यांचं नाव, हाशिमोतो. बायकांमधे हा पुरुषांपेक्षा कितीतरी पट जास्त आढळतो. ग्रंथी कमी हार्मोन बनवायला लागली की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ओरडून जास्त काम मागते, त्या ओरडण्याला टीएसएच म्हणतात. म्हणून थायरॉइड मंद असेल तर टीएसएच वाढलेला दिसतो, हे पहिल्यांदा रिपोर्ट बघणाऱ्याला हमखास उलटं वाटतं. अँटी-टीपीओ नावाची दुसरी टेस्ट सांगते की चावणारं कुत्रं घरातलंच आहे.

आता यातून एक गोष्ट सरळ निघते. भुंकणाऱ्याला गप्प करायचं औषध चावणाऱ्याला लागू पडत नाही. सेटिरिझिन (अ‍ॅलर्जीच्या सर्दीची नेहमीची गोळी) घेऊन टीएसएच उतरणार नाही, आणि थायरॉइडची गोळी वाढवून शिंका थांबणार नाहीत.

पण दोन्ही एकाच माणसाला होतात, म्हणजे मूळ एकच ना?

ही शंका रास्त आहे. जुन्या काळी, म्हणजे साधारण १९८० नंतरच्या दोन दशकांत, असं मानायचे की अ‍ॅलर्जी चालवणाऱ्या आणि ऑटोइम्यून चालवणाऱ्या पेशी तराजूच्या दोन पारड्यांत असतात, एक वर गेलं की दुसरं खाली. तसं असतं तर दोन्ही आजार एका अंगात क्वचितच सापडले असते. प्रत्यक्षात सापडतात, भरपूर सापडतात, आणि आता माहितीय की या पेशींचे प्रकार दोनच नाहीत, त्यांना आवर घालणाऱ्या वेगळ्या पेशीही आहेत. आवर घालणारेच ढिले पडले तर दोन्हीकडे गडबड होऊ शकते.

पक्का संबंध दिसतो तो पित्ताच्या गांधींशी. महिनोन्महिने अंगावर गांधी उठत राहणाऱ्यांमधे थायरॉइडच्या अँटिबॉडी इतरांपेक्षा जास्त सापडतात, म्हणून असा पेशंट आला की डॉक्टर थायरॉइड तपासून घेतात. नाकाच्या अ‍ॅलर्जीबाबत चित्र तेवढं स्वच्छ नाही. जपानमधल्या डॉक्टरांनी सीडरच्या परागांच्या हंगामात काही पेशंटांची ग्रेव्ह्जची अवस्था (हाशिमोतोच्या उलट, ज्यात थायरॉइड जास्त धावते) बिघडल्याचं नोंदवलंय. पण त्यावरून "शिंका आल्या म्हणून थायरॉइड गेलं" असं म्हणणं म्हणजे फारच लांब उडी झाली. नाक सांभाळलं तर हाशिमोतो बरा होतो असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका एवढंच सांगते.

थकव्याचा हिशेब

खरी अडचण इथे आहे, आणि ही जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन्ही आजार माणसाला थकवतात, दोन्ही डोकं जड करतात, दोन्हींमधे सकाळी डोळे सुजलेले दिसतात, आवाजही बसतो. मग थायरॉइडवाली बाई म्हणते डोस कमी पडतोय, नाकवाली म्हणते सर्दी अंगात मुरली, आणि घरचे म्हणतात मोबाईल कमी बघ.

थोडं वेगळं करून बघता येतं. खाज हा अ‍ॅलर्जीचा ठसा. नाकात, टाळूला, डोळ्यांच्या कोपऱ्यात खाज, एकामागून एक शिंका, पातळ पाणी, आणि हे सगळं ठराविक जागी किंवा ठराविक वेळी जास्त, म्हणजे सकाळी अंथरुणातून उठताना, झाडू मारताना, जुनी ट्रंक उघडताना. थायरॉइडला या अशा खाजेशी देणंघेणं नसतं. तिथे बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, केस गळणं, सगळ्यांना उकडत असताना आपल्यालाच पंखा नको वाटणं, पाळीत जास्त जाणं, वजन थोडं वाढणं, नाडी मंद. डोळ्यांची सूज दोन्हीकडे, पण अ‍ॅलर्जीची सूज खाजते आणि लाल असते, थायरॉइडची नुसती फुगलेली असते. मंद थायरॉइडमधे नाकाचं अस्तर थोडं सुजून नाक चोंदू शकतं असंही पुस्तकांत आहे, पण ते औषधाने टीएसएच जागेवर आला की कमी व्हायला हवं. टीएसएच व्यवस्थित असूनही नाक बंद असेल तर थायरॉइडला सोडा आणि नाकाकडे बघा.

आणि नाक बंद म्हणजे रात्रीची झोप गेली. तोंड उघडं ठेवून झोपायचं, घसा कोरडा पडतो, नाकातलं घशात उतरतं, मधेच जाग येते, सकाळी सात तास झोपूनही अंग दुखतं. हा थकवा थायरॉइडच्या गोळीने जात नाही. गोळी उगाच वाढवून घेतली तर छातीत धडधड, हात थरथरणं आणि पुढे जाऊन हाडं ठिसूळ होणं, एवढंच पदरात पडतं. त्यात भर म्हणजे झोप आणणारी सर्दीची गोळी, क्लोरफेनिरामिन किंवा काही जणांना सेटिरिझिनसुद्धा. रात्री घेतली तरी दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत डोकं धुक्यात, आणि त्याचा दोष पुन्हा थायरॉइडला.

म्हणून क्रम असा ठेवावा. टीएसएच करून घ्यायचा. तो जागेवर असेल तर आधी नाक आणि झोप नीट करायची. तरीही थकवा राहिला तर हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, लोह. हाशिमोतोवाल्यांमधे बी-ट्वेल्व्ह न शोषलं जाणारा एक ऑटोइम्यून आजारही जास्त दिसतो, त्यामुळे ही टेस्ट उगाचची नाही. नवरा म्हणतो तू घोरतेस, मधेच श्वास थांबतो, तर तेही लपवायचं नाही, डॉक्टरला सांगायचं.

गोव्याची हवा आणि गादीतले पाहुणे

आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, आणि धुळीतल्या माइट नावाच्या जीवांना हेच हवं असतं. हे जीव इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत, मिलिमीटरच्या एक तृतीयांश एवढे. चावत नाहीत, उडत नाहीत. आपल्या कातडीचा जो कोंडा गळतो तो खातात आणि गादीत, उशीत, सोफ्यात राहतात. पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषून घेतात, म्हणून आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकली की ते सुकून मरतात. त्रास मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी होतो, म्हणजे माइट मेला तरी त्याने मागे ठेवलेलं तिथेच असतं. हे लक्षात घेतलं की नुसता स्प्रे मारून काम का भागत नाही ते कळतं.

जुन्या चिऱ्याच्या घरात भिंती पाणी धरतात. आमच्याकडे जून सरता सरता पलंगामागच्या भिंतीवर नकाशा उमटतो, त्यावर आधी करडे ठिपके, मग काळे. ती बुरशी, आणि तिचे कण नाकाला माइटइतकेच छळतात. त्यात कपडे वाळत नाहीत म्हणून आपण बेडरूममधे दोरी बांधतो, पंखा फुल्ल, आणि दोन बादल्या कपड्यांतलं सगळं पाणी त्याच खोलीच्या हवेत सोडतो जिथे रात्री झोपायचंय. ही एक सवय बदलली तरी फरक पडतो. कपडे पडवीत, नाहीतर ज्या खोलीत कुणी झोपत नाही तिथे. एसी असेल तर ड्राय मोडवर. परवडत असेल तर हवेतला ओलावा काढणारं मशीन, त्याच्या टाकीत एका रात्रीत साठलेलं पाणी बघितलं की आपण कशात झोपत होतो ते समजतं. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढा, कपाटही.

गादी आणि उशीला चेनवालं घट्ट विणीचं कव्हर घाला. चादरी, अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, ५५ ते ६० अंश, नुसत्या थंड पाण्याने माइट मरत नाहीत. वाकळ, गोधडी, कापसाची गादी मे महिन्यात कडक उन्हात टाकायची आपल्या आज्यांची पद्धत उत्तमच आहे, फक्त झटकायचं काम अ‍ॅलर्जीवाल्याने करू नये. गणेश चवथीच्या आधी माळा साफ करायचा असतो, तोही दुसऱ्या कुणालातरी करू दे. नाइलाज असेल तर एन-९५ मास्क लावून, ओल्या फडक्याने, कोरडा झाडू अजिबात नको, आणि नंतर दोनेक तास त्या खोलीत जायचं नाही. माटोळी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची आरास) बांधायला या, पण माळा नको, असं मी सरळ सांगते आता.

काजूच्या आणि आंब्याच्या मोहोराला मात्र उगाच बदनाम केलंय आपण. या झाडांचे पराग जड आणि चिकट, ते मुख्यतः किडे वाहून नेतात, वाऱ्यावर फार लांब जात नाहीत. वाऱ्यावर उडतात ते गवताचे, माडाचेही. मोहोराच्या दिवसांत वास, कोरडी धूळ, सकाळचं धुकं असं सगळं एकदम असतं, नाक कशालाही चिडतं. चिडणं आणि अ‍ॅलर्जी यातही फरक आहे. डिचोली-साखळीकडे खनिजाच्या ट्रकची धूळ, रस्त्याचं काम, अगरबत्ती, धुमी, नरकासुराच्या रात्रीचा फटाक्यांचा धूर, यांनी कुणाचंही नाक चुरचुरेल, त्यासाठी आयजीई लागत नाही. पण ज्याचं अस्तर आधीच सुजलंय त्याला ते दुप्पट लागतं. हुर्राकचं (काजूच्या दारूचं) पण तसंच. दारूने नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, दोन ग्लासांनंतर नाक बंद होतं ते त्यामुळे, आणि वर झोपेची सर्दीची गोळी घेतली असेल तर गाडी चालवायचा विचारही करू नका.

सुंगटं खायची की सोडायची?

हा खास आपला प्रश्न. माइट, झुरळं आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, या तिघांच्या अंगात ट्रोपोमायोसिन नावाचं एक बरंच सारखं प्रथिन असतं. त्यामुळे माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना सुंगटं खाल्ली की ओठ, जीभ खाजते, अंगावर गांधी येतात. सुक्या गालम्याचं (बारीक सुकटीचं) किस्मूर करताना, जवळा निवडताना उडणाऱ्या भुकटीने शिंका येणारेही आहेत. पण सगळ्यांना नाही. तुम्ही जन्मभर सुंगटांचं हुमण खाताय आणि काही होत नाहीये, तर टेस्टच्या कागदावर माइट पॉझिटिव्ह आलं म्हणून ताटातून सुंगटं काढायचं कारण नाही. ओठ सुजले, घसा आवळल्यासारखा झाला, श्वास लागला, तर मात्र पुन्हा खाऊन बघायचं नाही आणि तडक हॉस्पिटल.

दही, ताक, सोलकढी थंड म्हणून नाक वाहतं, हेही डोक्यातून काढायला हरकत नाही. श्वासातून जाणाऱ्या गोष्टींची अ‍ॅलर्जी ताकाने होत नाही. "२०० पदार्थांची फूड टेस्ट" म्हणून जी आयजीजी या वेगळ्याच अँटिबॉडीवर चालते ती तर घेऊच नका, आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लाय एवढंच बहुतेक वेळा सांगते, आणि रिपोर्ट हातात पडल्यावर माणूस भात, मासे, नारळ सगळं सोडून बसतो. गोव्यात राहून.

सकाळची गोळी आणि चहाचा कप

थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, हे तुमच्यात कमी पडलेलं हार्मोनच आहे. "सवय लागते" म्हणून सोडणारे भेटतात, पण ज्याची ग्रंथी बनवत नाही त्याला बाहेरून द्यावंच लागतं. ती पोटात नीट शोषली जावी यासाठी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. चहा-कॉफीसुद्धा नाही. आपल्याकडे सहाला उठल्याबरोबर चहा आणि पोळीवाल्याचा भोंगा वाजला की गरम पोळी (आमच्याकडचा पाव), त्यामुळे हीच गोष्ट सगळ्यांना जड जाते. ज्यांना सकाळ जमतच नाही त्यांनी डॉक्टरला विचारून रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी घ्यायची सोय करून घ्यावी, चालते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तास लांब. अ‍ॅसिडिटीच्या औषधांनीही शोषण कमी होतं, म्हणून तेही डॉक्टरला सांगायचं.

सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन अशा अ‍ॅलर्जीच्या साध्या गोळ्यांची या गोळीशी थेट मारामारी नाही, लोक उगाच घाबरतात. फेक्सोफेनाडिन मात्र संत्रं, सफरचंद वगैरेंच्या ज्यूसबरोबर घेऊ नये, ती कमी शोषली जाते, पाण्याबरोबरच घ्यायची.

आता पावसाळ्याची गंमत. ही गोळी ओलावा, उष्णता आणि उजेड तिन्हींना नाजूक. बाटली शेगडीशेजारी किंवा बाथरूमच्या कपाटात ठेवली, झाकण सैल राहिलं, तर गोळ्यांची ताकद उतरते, आणि टीएसएच वाढला की आपण डोस वाढवतो. बेडरूममधलं कोरडं खण, मूळची बाटली, घट्ट झाकण, आत ती छोटी पुडी असते ती फेकायची नाही. महिन्याभराच्या गोळ्या एकदम प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवणंही पावसाळ्यात टाळा.

डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी करायचा, पंधरा दिवसांनी केला तर आकडा अर्धवट येतो, कारण हे हार्मोन अंगात हळू साठतं. तापाने आजारी असताना केला तरी आकडा फसवतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टच्या किमान दोन दिवस आधी बंद करा, त्याने रिपोर्ट चक्क खोटा येऊ शकतो. अँटी-टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आलं की दर वेळी करून पैसे घालवायची गरज नसते, उपचार टीएसएचवर ठरतो. दिवस राहिले असं कळलं तर गोळी थांबवायची नाही, उलट लगेच डॉक्टरला गाठायचं, तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो.

स्प्रे स्टेरॉइडचा आहे, मग थायरॉइडचं काय होईल?

सगळ्यात जास्त भीती याची. अ‍ॅलर्जीच्या सर्दीवर रोज मारायचा फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्प्रे स्टेरॉइडच असतो, खरंय. पण तो नाकाच्या अस्तरावर काम करतो, रक्तात पोचणारा भाग अगदी थोडा. थायरॉइडवर त्याचा परिणाम होईल एवढा नाही. उलट जे लोक स्प्रेला घाबरतात तेच सर्दी जात नाही म्हणून कुठेतरी जाऊन कमरेत महिनाभर टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन येतात. ते सगळ्या अंगात जातं, साखर वाढवतं, आणि मोठ्या डोसात टीएसएच दाबून ठेवतं, म्हणजे रिपोर्टही बिघडवतं.

स्प्रेचा गुण एका दिवसात येत नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही. पूर्ण फरक पडायला एक-दोन आठवडे रोज मारावा लागतो. आणि पद्धत: मान थोडी पुढे, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने जातं. मधल्या पडद्यावर मारलं की तो सोलवटतो, रक्त येतं, मग लोक म्हणतात मला स्प्रे सोसत नाही. जोरात ओढायचं नाही. घशात कडू चव आली म्हणजे औषध गिळलं गेलं, नाकात राहिलं नाही.

नाक झटक्यात उघडणारे थेंब वेगळे, झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन. ते तीन ते पाच दिवसांच्या पुढे गेले की नाक त्यांच्याशिवाय उघडायलाच नकार देतं. सर्दीच्या तयार गोळ्यांत फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, त्या पाकिटावर थायरॉइडवाल्यांनी सांभाळून घ्या असं लिहिलेलं असतं. ती सूचना मुख्यतः जास्त धावणाऱ्या थायरॉइडसाठी, पण तुमची गोळी जास्त होत असेल तर तुम्हीही त्याच अवस्थेत असता, आणि मग धडधड, बीपी वाढणं. त्यातल्या तोंडाने घ्यायच्या फिनाइलेफ्रिनचा नाक उघडायला उपयोगच नाही असं अमेरिकेतल्या एफडीएच्या (तिथल्या औषध नियंत्रण संस्थेच्या) सल्लागार समितीने २०२३ मधे म्हटलंय.

आपल्याकडे लेव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्टची जोडगोळी चण्यासारखी खाल्ली जाते. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी येऊ शकते, म्हणून २०२० मधे एफडीएने त्यावर सर्वात कडक इशारा लावला आणि साध्या नाकाच्या अ‍ॅलर्जीला दुसरं काही चालत नसेल तेव्हाच द्या असं सांगितलं. हाशिमोतोत मन आधीच जड असतं, त्यात ही गोळी चालू असेल आणि मूड बिघडला असेल तर डॉक्टरला त्याच भाषेत सांगा.

जलनेती चांगली, नाक धुतलं जातं, औषध कमी लागतं. पाणी मात्र उकळून गार केलेलंच. विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही, त्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकातून मेंदूत जाऊ शकतो, केरळमधे अशा केसेस झाल्यात. ग्लासभर पाण्याला पाव ते अर्धा चमचा मीठ, भांडं रोज वाळवून ठेवायचं.

मीठ, गुळण्या आणि अश्वगंधा

"आयोडिनच्या मिठानेच थायरॉइड झालं" असं फिरत असतं. आयोडिन फार जास्त झालं तर हाशिमोतो बिघडतो हे खरं, पण दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे आणि घरातलं नेहमीचं मीठ त्या मर्यादेतच राहतं. आगरवाड्याचं मिठागराचं मीठ चवीला मस्त, लोणच्याला त्याला तोड नाही, पण समुद्रातलं म्हणून त्यात भरपूर आयोडिन असेल असं समजू नका, फारच कमी असतं. आपण मासे खातो, तिथूनही मिळतं. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल मात्र नकोत.

दोन आजारांची गाठ खरी पडते ती गुळण्यांवर, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. नाकातलं घशात उतरतं, घसा खवखवतो, आपण पोव्हिडोन-आयोडिनच्या तपकिरी गुळण्या सुरू करतो, आणि आठवडेच्या आठवडे करत राहतो. त्यातलं आयोडिन तोंडाच्या अस्तरातून शोषलं जातं. दोन-तीन दिवस ठीक, रोजची सवय थायरॉइडवाल्यांना नको, मिठाच्या कोमट पाण्याने भागतं.

अश्वगंधा "इम्युनिटी वाढवते" म्हणून घेतात. आपली तक्रार इम्युनिटी कमी असल्याची नाहीच, ती नको तिथे काम करतेय. आणि अश्वगंधा थायरॉइड हार्मोनची पातळी वर नेऊ शकते, तेव्हा गोळीबरोबर परस्पर सुरू करू नका. थायरॉइडवाल्यांनी कोबी-फ्लॉवर सोडावा असंही सांगतात, पण शिजवून खायला काही हरकत नाही.

अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं ऑटोइम्यूनवाल्यांना चालतात का?

ज्या गोष्टीची अ‍ॅलर्जी तीच थोडी थोडी देऊन शरीराला सवय लावायची, याला इम्युनोथेरपी म्हणतात. इंजेक्शन किंवा जिभेखालचे थेंब, आणि कोर्स तीन ते पाच वर्षांचा. आटोक्यात नसलेल्या, सगळ्या अंगावर पसरणाऱ्या ऑटोइम्यून आजारात हे देत नाहीत. हाशिमोतो एकाच ग्रंथीपुरता असतो, टीएसएच स्थिर असेल तर सरसकट बंदी नसते, डॉक्टर फायदा-तोटा बघून ठरवतात. त्याआधी त्वचेवर टोचून टेस्ट करतात, तिच्या साधारण आठवडाभर आधी सर्दीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर सगळंच निगेटिव्ह येतं. नाकाचा स्टेरॉइडचा स्प्रे आणि थायरॉइडची गोळी बंद करायची गरज नाही.

बांबोळीला जीएमसीत (गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात) जा की खाजगीत, नाक बघणारे डॉक्टर वेगळे आणि थायरॉइड बघणारे वेगळे, आणि एकाची फाइल दुसऱ्याकडे आपोआप जात नाही. सगळ्या गोळ्या, थेंब, गुळण्या, काढे, केसांच्या कॅप्सूल, एका कागदावर लिहून दोघांनाही दाखवा, किंवा सरळ पिशवीच घेऊन जा. आणि नाक एकाच बाजूचं सतत बंद राहतंय, त्यातून रक्त किंवा घाण वासाचं येतंय, वास येणंच बंद झालंय, किंवा गळ्यात गाठ हाताला लागतेय, गिळताना अडकतंय, तर ते अ‍ॅलर्जी किंवा हाशिमोतोच्या नावावर टाकून पाऊस संपायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा.